लोहाराची वाट, सोनाराचे टाके

मुंबईतल्या आपल्या माणसांना जंगल पाहायचे म्हटले की ताडोबा नाही तर मेळघाट आठवते. मग खर्चाचा विचार येतो आणि बेत तिथेच राहतो. वास्तविक लोकलचे एक तिकीट काढले की जंगल गाठता येते. बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरावे आणि पश्चिम द्रुतगती मार्गापर्यंत जावे. तिथेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार आहे. आपल्याकडे त्याला 'नॅशनल पार्क' एवढेच म्हणतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. एका अंगाला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, दुसऱ्या अंगाला भांडुप, मुलुंड आणि वर ठाण्याचे येऊर. एक कोटीहून अधिक माणसांच्या शहराला लागून एवढे मोठे जंगल, आणि त्यात मोकळेपणी फिरणारे बिबटे! अशी शहरे जगात फार थोडी आहेत.

एवढे वैभव दाराशी असताना त्याची कदर मात्र आपण केलेली नाही. 'आपण' म्हणताना आम्ही सरकारलाही धरतो आणि स्वतःलाही. बिल्डरला हे जंगल म्हणजे अडून राहिलेली जमीन वाटते. रस्ते आखणाऱ्याला तो वाटेतला अडथळा वाटतो. आणि तुम्हा-आम्हाला? डबा खायचा, फोटो काढायचे आणि कागद-पिशव्या तिथेच टाकून परतायचे ठिकाण. या जंगलाशी आपल्या घरातल्या नळाचा, आपल्या वस्तीतल्या नाल्याचा आणि आपल्या पूर्वजांच्या इतिहासाचा काही संबंध आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. म्हणून हा लेख.

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या वस्तीतली पाच-सहा कुटुंबे मिळून आम्ही तिकडे गेलो. सोबत लहान मुले होती, नातवंडांना घेऊन आलेल्या दोन आजी होत्या, भाकरी, चटणी आणि वांग्याची भाजी होती. उद्यान सोमवारी बंद असते, त्यामुळे कामगार माणसाला रविवारच सोयीचा.

आत शिरल्यावर पहिला भाग बागेसारखा आहे. मुलांसाठी खेळायला जागा, नौकाविहार, गांधी टेकडी, वाघ-सिंह दाखवणारी सफारी असे सगळे इथे आहे. अनेक पिढ्यांच्या मुलांची लाडकी 'वनराणी' ही छोटी आगगाडीही इथलीच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने तिचा मार्ग उखडला आणि पुढे कित्येक वर्षे ती बंदच राहिली. गरिबांच्या मुलांची करमणूक बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याची घाई कोणाला नसते, हा आपला नेहमीचा अनुभव.

बहुतेक कुटुंबे या पहिल्या भागातूनच परततात. खरे जंगल त्याच्या पुढे सुरू होते. प्रवेशद्वारापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. पायी जाता येते, बसने जाता येते. म्हाताऱ्या माणसांना आणि लहानग्यांना बसमध्ये बसवून आम्ही बाकीचे चालत निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग, ऐन, कळंब, पळस, काटेसावर. मधूनच पांढऱ्याफटक खोडाचा कांडोळ. उतारांवर कारवीची दाट झुडपे. ही कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा एकदम फुलते आणि डोंगर निळा-जांभळा करून टाकते. मग झुडूप वाळते आणि त्याच्या बियांतून पुढची पिढी उगवते. खेड्यात कुडाच्या भिंतींना हीच कारवी लागते, हे आमच्यातल्या एका आजींनी मुलांना सांगितले. शहरात जन्मलेल्या नातवाला आजी झाडाचे नाव शिकवते आहे, हे पाहून आम्हाला फार बरे वाटले. आपल्या घरांतले हे ज्ञान वापरावाचून पडून राहिले आहे.

लेण्यांच्या पायथ्याशी काही आदिवासी बाया काकडी, पेरू, आवळे मांडून बसल्या होत्या. या जंगलात वारली, महादेव कोळी, काटकरी यांचे पाडे आहेत, आणि ते राष्ट्रीय उद्यान होण्याच्या आधीपासूनचे आहेत. मुलांनी एका मावशींना विचारले, "मावशी, बिबट्या दिसतो का हो इथे?" त्या हसून म्हणाल्या, "त्याला तुम्ही दिसता बाळांनो. अंधार पडायच्या आत घरी जा म्हणजे झालं." वारली लोक वाघोबाला देव मानतात आणि त्याच्या वेळा सांभाळून राहतात. जंगलात कसे राहावे हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांचा सल्ला उद्यानाच्या कारभारात किती घेतला जातो, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हाच आला.

कान्हेरीचे जुने नाव कण्हगिरी किंवा कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. काळ्या पाषाणात कोरलेली शंभरावर लेणी या एका डोंगरावर आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झालेले हे काम जवळजवळ हजार वर्षे चालू होते. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भव्य चैत्यगृह आहे. त्याच्या ओसरीच्या दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच अशा बुद्धमूर्ती उभ्या आहेत. अकरावे लेणे मोठ्या सभागृहासारखे असून त्यात दगडी बाकांच्या रांगा आहेत. एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. नव्वदाव्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरलेली आहेत. म्हणजे या जंगलात दुसऱ्या धर्माचे प्रवासीही हजार वर्षांपासून येत आहेत.

मूर्तींना वंदन करून झाल्यावर आम्ही मुलांना एकच काम दिले. प्रत्येक लेण्याच्या दाराशी पाणी कुठे आहे ते शोधायचे. मुले धावत सुटली आणि थोड्याच वेळात ओरडून सांगू लागली, "इथे पण आहे! इथे पण आहे!" कान्हेरीत जवळपास प्रत्येक लेण्याला स्वतःचे टाके आहे. वर खडकात बोटभर, कुठे हातभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत. पावसाचे पाणी त्या पन्हळींतून वळवून टाक्यात आणलेले आहे. टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे, म्हणजे ऊन कमी लागते आणि पाणी टिकते. डिसेंबरातही कित्येक टाक्यांत पाणी होते. ज्या डोंगरावर चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरड, तिथे भिक्खूंचा एवढा मोठा संघ राहिला तो या व्यवस्थेच्या बळावर.

हे सगळे कोणी केले? राजांनी दाने दिली, व्यापाऱ्यांनी दिली, भिक्खुणींची आणि गृहिणींची नावेही शिलालेखांत आहेत. आम्हाला मात्र त्यातले दोन लेख सर्वांत जवळचे वाटतात. दोन्ही इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले. एका लेखात कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिल्याचे लिहिले आहे. हातावर पोट असणाऱ्या कारागिरांनी जंगलात येणाऱ्यासाठी दोन गोष्टी केल्या. एकाने तहान भागवली, दुसऱ्याने पायाखाली वाट दिली. आमच्यासोबत आलेले एक काका आयुष्यभर वेल्डिंगचे काम करून निवृत्त झालेले आहेत. लोहाराचे नाव ऐकताच ते म्हणाले, "म्हणजे आपलाच माणूस की!"

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विनयाच्या नियमांप्रमाणे भिक्खूला झाडे-वनस्पती तोडण्याची मनाई आहे. पावसाळ्यात हिंडताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडले जातात, अशी तक्रार लोकांनी केली आणि त्यातून तीन महिने एका जागी राहण्याचा वर्षावासाचा नियम आला, हे आपल्याला विहारात सांगितले जातेच. अशा नियमांनी राहणारा संघ कान्हेरीला शतकानुशतके नांदला. त्यांनी डोंगर कोरला, पण डोंगराचे पाणी आटू दिले नाही. जंगलात माणूस आला की जंगल संपतेच असे नाही, ते माणसाच्या वागण्यावर असते, एवढे यावरून दिसते.

डोंगराच्या माथ्यावर गेले की दूरवर उंच इमारतींची रांग दिसते. तिथे बसून डबा खाताना आम्ही मुलांना पाण्याची पुढची गोष्ट सांगितली. ती इथे थोडक्यात देतो.

या उद्यानाच्या हद्दीत दोन मोठे तलाव आहेत. विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि मुंबईला नळाने पाणी मिळू लागले ते त्यामुळे. तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला. आज मुंबईचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा आणि तानसाकडून येते, तरी हे दोन तलाव अजूनही शहराला पाणी देतात. त्यांच्या भोवतीचे जंगल उभे आहे म्हणून डोंगरावरची माती वाहून जात नाही आणि तलाव गाळाने भरून जात नाहीत. विहार आणि पवई तलावांचे ओसंडणारे पाणी एकत्र येऊन मिठी नदी होते. दहिसर नदी या उद्यानातूनच निघते. पोईसर नदीचा उगमही याच डोंगरांत आहे.

उद्यानात दहिसर नदी खडकांवरून खळखळ वाहते, तळ दिसतो. हद्द ओलांडून वस्तीत शिरली की थोड्याच अंतरात तिचा नाला होतो. मिठीची कथा त्याहून वाईट. साकीनाका, कुर्ला, कालिना, धारावी, माहीम असा सुमारे अठरा किलोमीटरचा तिचा प्रवास आहे आणि तिच्या काठावर राहतात ती आपलीच माणसे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री मिठीचे पाणी घरात शिरल्यावर पोटमाळ्यावर, छपरावर बसून काढलेले तास कुर्ला-कालिनाच्या कोणत्याही कुटुंबाला विचारा. डोंगरावरची झाडे कमी झाली, पाणी मुरायची जागा गेली, नदीचे पात्र भराव घालून अरुंद झाले की पाणी सर्वांत आधी कोणाच्या दारात येते? टॉवरच्या विसाव्या मजल्यावर नव्हे. म्हणून जंगल राखणे हे फावल्या वेळेचे शौकीन काम आहे असे कोणी म्हटले तर त्याला मिठीच्या काठावर आणून उभे करावे.

बिबट्याचेही तसेच. उद्यानात आणि आसपास मिळून सुमारे पन्नास बिबटे आहेत. २००४ साली हल्ले वाढले आणि त्यात अनेकांचे बळी गेले. त्यांत गरिबांची मुले अधिक होती, कारण शौचाला उघड्यावर जावे लागणारी मुले गरिबांचीच. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले की भांडण मिटत नाही, उलट वाढते, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. सरळ उपाय वेगळा आहे. जंगलाच्या कडेला कचरा साचला की भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. कचरा वेळेवर उचलला, वाटेवर दिवे आले, घराजवळ शौचालय आले की माणूसही वाचतो आणि बिबट्याही. म्हणजे हे काम वनखात्याइतकेच नगरपालिकेचे आहे.

आता थोडे कडू बोलतो. या जंगलाचा प्रश्न निघाला की पहिले बोट झोपडपट्टीकडे दाखवले जाते. पर्यावरणाच्या नावाने झालेल्या याचिकेवर १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पुनर्वसनासाठी चांदिवलीला इमारती उभ्या राहिल्या, पण कित्येक कुटुंबांना घरासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींनाही अतिक्रमण करणाऱ्यांच्या यादीत बसवले गेले. जंगल मोकळे राहिले पाहिजे हे आम्हाला मान्य आहे. परंतु येऊरच्या बाजूचे बंगले आणि जंगलाला खेटून उठलेले टॉवर यांच्याकडे बोट दाखवताना तोच आवाज का बसतो?

ऑक्टोबर २०१९ मध्ये उद्यानाला लागून असलेल्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवीपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली. अडवायला गेलेल्या तरुण मुलामुलींना अटक झाली. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचे भूमिपूजन झाले. सुमारे ११.८ किलोमीटरच्या या मार्गाचा मोठा भाग उद्यानाच्या पोटातून जातो. गोरेगाव-मुलुंड रस्त्याचे बोगदेही याच डोंगराखालून आहेत. आपल्यालाही मेट्रो हवी, लवकर घरी पोचवणारा रस्ता हवा. आमचे म्हणणे एवढेच की डोंगराच्या पोटातल्या पाण्याचे, झऱ्यांचे काय होणार आणि तोंडाशी राहणाऱ्या पाड्यांचे काय होणार, याचे उत्तर साध्या मराठीत लोकांसमोर यावे. जनतेच्या डोंगराचा हिशेब जनतेला कळला पाहिजे.

पाण्याचा हिशेब मागण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे हे देशाला बजावले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना नद्यांच्या पाण्याचे नियोजन त्यांनी स्वतः हाताळले. पाणी कोणाचे, ते कुठून येते आणि कोणापर्यंत पोचते, हे प्रश्न त्यांच्या अनुयायांनी विचारायचे नाहीत तर कोणी विचारायचे?

तेव्हा या उद्यानाचे काय व्हायला हवे, ते आमच्या मते असे. पहिले, कामगार कुटुंबाला परवडेल अशी सोय. उद्यानाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे वेगळे, आतल्या बसचे वेगळे. सहा माणसांच्या घराला हा हिशेब जड जातो. महिन्यातून एक रविवार तरी कुटुंबासाठी एकच स्वस्त तिकीट असावे. दुसरे, लेणी आणि झाडे मराठीत समजावून सांगणारी माणसे हवीत, आणि ती पाड्यांतल्या तरुण मुलामुलींतून घ्यावीत. त्यांना रोजगार मिळेल आणि आपल्या मुलांना खरे गुरुजी. तिसरे, पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी हवेत. सोनाराने अठराशे वर्षांपूर्वी जे केले ते आपल्याला करता येत नसेल तर प्लास्टिकच्या बाटल्यांवरून नुसते रागावून उपयोग नाही. चौथे, नदी उद्यानातून जशी बाहेर येते तशीच निदान पहिले दोन किलोमीटर तरी वाहू द्यावी. तेवढे जमले तर पुढचेही जमेल.

ही झाली सरकारकडे मागणी. आपल्या हातात काय आहे? आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, तरुणांचे मंडळ आहे. बुद्धपौर्णिमेला कान्हेरीला जाण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहेच. त्यात थोडी भर घालावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, शाळकरी मुलांची सहल न्यावी आणि त्यांना टाकी मोजायला लावावीत, झाडे ओळखायला लावावीत. सोबत दोन रिकामी पोती न्यावीत आणि आपला कचरा, जमला तर दुसऱ्यांचाही, परत आणावा. आमच्या जथ्याने तसे केले, आणि पोते उचलण्यावरून मुलांत भांडणे लागली! मिठी, दहिसर, पोईसर यांच्या काठावरच्या मंडळांनी आपल्या नदीचा उगम एकदा डोळ्यांनी पाहून यावा. उगम पाहिलेला माणूस नाल्यात पिशवी टाकताना थांबतो, असे आम्हाला वाटते.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. सकाळी लवकर निघावे, अंधाराच्या आत परतावे. पाणी आणि डबा घरून न्यावा. माकडांना काही खायला घालू नये. ती पिशव्या ओढतात आणि प्लास्टिक गिळतात. लेण्यांच्या भिंतींवर नावे लिहू नयेत, मूर्तींवर चढून फोटो काढू नयेत. पावसाळ्यात दगड निसरडे असतात आणि ओढ्यांचे पाणी एकाएकी वाढते, तेव्हा मुलांचा हात सोडू नये. वाळलेल्या गवताच्या दिवसांत बिडी-काडी पूर्ण बंद. एका ठिणगीने डोंगर पेटतो. ठाण्याच्या मंडळींना येऊरची बाजू जवळ आहे, पण आतल्या वाटांवर वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय शिरू नये.

कल्याणचा लोहार आणि कल्याणचा सोनार यांना आपल्या नावाचे पुढे काय होईल हे माहीत नव्हते. येणाऱ्याला वाट असावी आणि प्यायला पाणी असावे, एवढेच त्यांनी पाहिले. या हिवाळ्यात एक रविवार काढा, घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन जा. जंगल पाहून या. आणि पुढच्या निवडणुकीत मते मागायला जो कोणी वस्तीत येईल त्याला रस्ता, नळ आणि शौचालय यांच्याबरोबर हेही विचारा की नॅशनल पार्कच्या डोंगराचे आणि आपल्या नदीचे तुम्ही काय करणार आहात.